गौरीच्या कानांचा बंदोबस्त

उज्जैन,
दसऱ्याचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप तात्यांस,

शरच्चंद्राचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली असल्यामुळे आठांपैकी जी अंगं जमिनीला टेकतात, तेवढ्यांचा समजावा). देवळालीला थंडी पडू लागली असेल. तुमचे गुडघे, तुमची शुगर आणि तुमचा राग, तिन्ही आटोक्यात असावेत अशी आशा आहे. आल्हाद आणि सूनबाईंना आशीर्वाद. हल्ली कोणी कोणाला पत्र लिहीत नाही हे मला ठाऊक आहे, पण तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे काय होतं ते मागच्या आठवड्यात पाहिलंच. मी तुमची तब्येत विचारली, तुम्ही म्हणालात, "साडेसातला." मी पुन्हा ओरडून विचारलं, तर समोरच्या बाल्कनीतून तिवारीजी म्हणाले, "भाईसाहब, सब ठीक है ना? पुलिस बुलाऊँ क्या?" तेव्हा कागदच बरा. कागदाला तुम्ही "काय? काय?" करू शकत नाही.

जयूचं आल्हादनं तुम्हाला पाटीवर लिहून सांगितलंच असेल. तरी एकदा माझ्या हातानं लिहितो, म्हणजे मलाही ते खरं वाटेल. कोजागिरीनंतरच्या सोमवारी इंदूरला तिचं ऑपरेशन आहे. घशातली गाठ वाईट निघाली. डॉक्टर स्वरयंत्र सगळंच काढणार आहेत. जीव नक्की वाचेल, असं ते म्हणतात. पुढे एक लहानशी झडप बसवून बोलता येतं म्हणे, पण तो आवाज तिचा नसेल, हेही त्यांनी सांगून टाकलं. (त्याआधी त्यांनी जयूला तंबाखू, विडी, गुटखा याबद्दल तीन तीनदा विचारलं. आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा न चघळलेली तुमची बहीण इतकी चिडली की त्या बसलेल्या आवाजातही तिनं त्यांना शाळेतल्या पोरासारखं झापलं. बाहेर आल्यावर मला म्हणाली, अहो, बघा, अजून जमतंय मला.) डॉक्टरांना ऑपरेशन लगेच हवं होतं. जयू म्हणाली, घरात घट बसू देत आणि उठू देत, मग काय कापायचं ते कापा. चार दिवसांनी बिघडत नाही असं म्हणून डॉक्टरांनीही माघार घेतली.

आता मूळ विषयावर येतो. मूळ विषय म्हणजे तुमच्या भाचीचे, गौरीचे कान. (हसू नका. घरात हे एवढं चालू असताना हा माणूस कानांवर पानंच्या पानं काय लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. पण घशाबद्दल लिहायला घेतलं की माझं पेन अडतं. कानांबद्दल मात्र धडाधड लिहिता येतं.) तुम्हीच ती लहान असताना दिवाळीला छऱ्यांची बंदूक आणून दिलीत आणि निघून गेलात. मागे राहिलेल्या डाळिंबांची, मडक्यांची आणि तिवारीजींच्या डिश अँटेनाची जबाबदारी आम्ही घेतली. आता ती पंचवीस मीटर पिस्तूल मारते, राज्याच्या संघापर्यंत पोहोचली आहे, आणि देवास रोडच्या रेंजवर तिचं नाव निघालं की लोक मला खुर्ची देतात. विद्युत मंडळात सगळी नोकरी केली, तिथे मला कोणी खुर्ची दिली नव्हती.

श्रावणात तिच्या कानात घुंई सुरू झाली. कानाच्या डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तपासणी केली आणि आलेख दाखवला. रेघ सरळ चालता चालता एके ठिकाणी एकदम खड्ड्यात पडते. डॉक्टर म्हणाले, हा खड्डा आवाजानं पडलाय आणि आता बुजायचा नाही, फक्त वाढू द्यायचा नाही. बावीस बोअरचं पिस्तूल दिसायला लहान, पण बंद छताखाली त्याचा आवाज कानाला हातोड्यासारखा लागतो. गौरी आजवर नुसते इअरमफ लावायची, म्हणजे ते दोन वाट्यांचे, वर पट्टी असलेले. आमच्या घरात त्यांना कानटोपी म्हणतात. शिवाय नेमबाजीच्या चष्म्याची काडी त्या वाटीखालून जाते, तिथे फट राहते आणि फटीतून आवाज आत येतो. डॉक्टरांनी हुकूम काढला की आत बोळे आणि वर कानटोपी, दोन्ही. नाहीतर चाळिशीत मामासारखी होशील. (हे शेवटचं वाक्य डॉक्टरांचं नाही, माझं आहे. तुम्ही तोफखान्यात कापसाचे बोळे घालून उभे राहायचात आणि तेसुद्धा घालणाऱ्याला बायकी म्हणायचात, हे मी पोरीला मुद्दाम सांगितलं. राग मानू नये. तुमचा उपयोग झाला.)

बोळे निवडायचं काम मी अंगावर घेतलं. फ्रीगंजात औषधवाल्यांपासून हार्डवेअरपर्यंत हिंडलो. एका दुकानदारानं फोमच्या बोळ्यांची बरणीच समोर ठेवली आणि म्हणाला, "बाबूजी, ये लगा लो तो घर में क्लेश ही ख़तम." मी नारिंगी, पिवळे, निळे, झाडाच्या आकाराचे रबरी, असे सगळे प्रकार घेऊन आलो आणि आधी स्वतःच्या कानात घालून पाहिले. ते आत राहीनात. चहाच्या कपात पडले, एक उशीखाली सापडला, एक मोत्या कुत्र्यानं खाल्ला (मोत्या ठीक आहे). शेवटी गौरीनं शिकवलं. बोळा आधी बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर ओढायचा, बोळा आत सारायचा आणि तो फुगेपर्यंत बोटानं दाबून धरायचा. वात वळणं जयूला येतं, त्यामुळे आमच्या घरातले सर्वांत उत्तम बोळे ती वळते. मग त्यांची परीक्षा म्हणून गणपती विसर्जनाच्या दिवशी मी टावर चौकात डीजेच्या भिंतीसमोर जाऊन उभा राहिलो. छाती हलत होती, दुकानांची शटर थरथरत होती, आणि मला मात्र कुठेतरी लांब कोणी गादी पिंजत असावं इतपतच ऐकू येत होतं. मी इतका खूश झालो की नाचणाऱ्या पोरांनी मला आत ओढलं. कंबर धरली ती त्या दिवशी.

त्याच खुशीत बोळे न काढता घरी आलो आणि पेपर वाचत बसलो. बऱ्याच वेळानं मान वर केली तर जयू स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिचे ओठ हलत होते. ती मला केव्हापासून हाक मारत होती कुणास ठाऊक. तेव्हा गाठीचा तपास व्हायचा होता, आवाज नुसता बसला होता, आम्ही हळदीच्या गुळण्या करत होतो. मी बोळे काढले, ती म्हणाली, काही नाही, पोळ्या झाल्यात. तेवढंच. पण तात्या, आवाज नसलेली ती दारातली जयू मी तेव्हा पाहिली, आणि पितृपक्षात रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांच्या समोर बसून मला तीच दिसली. मी तिथे रडलो. जयूनं मला पाणी पाजलं.

रेंजवर जयू काय करते हे तुम्हाला माहीत नसेल, कारण तुम्ही तिथे कधी आला नाहीत. गौरीला पहिल्या दिवसापासून स्कूटरवर तीच नेते. रेषेच्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसते, स्वतःही एक जुनी कानटोपी घालते (कुड्यांवरून ती नीट बसत नाही, म्हणून कुड्या काढून पदराच्या गाठीला बांधते), आणि मेथी निवडते. गौरीनं पिस्तूल उचलायच्या आधी ती मागून एकदाच म्हणते, "घाई नको गं." बस. कोच अनिल सरांनी आधी हरकत घेतली होती, मग गुण पाहिले आणि हरकत मागे घेतली. नुसत्या कानटोपीतून गौरीला ते कसंबसं ऐकू यायचं. आत बोळे आणि वर कानटोपी असा पक्का बंदोबस्त झाला, तेव्हापासून काहीच ऐकू येईना. त्यातून जयूचा आवाज रोज थोडा खाली जात होता.

मग व्हायचं ते झालं. रिपोर्टनंतरच्या पहिल्याच सरावाला गौरी रेषेवर उभी राहिली, थांबली, आणि आई म्हणाली की नाही हे बघायला मागे वळली. पिस्तूल हातात असताना वळली, तात्या. तुम्हाला याहून जास्त सांगायला नको. अनिल सर पांढरे पडले. त्यांनी पिस्तूल काढून घेतलं, सगळी रेंज थांबवली आणि एवढंच म्हणाले, "घर जाओ बेटा." गौरी गाडीपाशी उभी राहून हुंदके देत होती आणि जयू तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी त्या दिवशी नेमका सोबत होतो. मी मेथीची पिशवी धरून उभा राहिलो.

त्यानंतर कानटोप्यांतल्या राजाचा विषय घरात निघाला. विजेवर चालणारी असते ती. बाहेरच्या बाजूला बारीक माइक असतात, ते बारीक आवाज मोठा करून आत देतात, आणि बार झाला की तेवढ्यापुरतं दार लावून घेतात. तिच्या आत बोळे घातले तरी बोलणं ऐकू येतं. मी तीन दिवस तिचाच अभ्यास केला, लोकांची मतं वाचली, भांडणं वाचली. अनिल सरांनी मात्र पहिल्याच फटक्यात पाणी ओतलं, की ही स्पर्धेत चालत नाही, माइक असलेलं काही खेळाडूनं घालायचं नाही असा नियम आहे, आणि जे मॅचमध्ये नाही त्याची सवय लावून घेऊ नये. मला ते पटलं. मी घरी येऊन गौरीला तसं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मला ती मॅचसाठी नकोय. आईसाठी हवीये." मी तिथल्या तिथे मागवली.

घटस्थापनेला ती आली. गौरीनं लावली आणि घरभर फिरत राहिली. तिला माझ्या गुडघ्यांचा आवाज आला, फ्रिजचा आला, तिवारीजींच्या घरातलं भांडण आलं (तेव्हा मीही जरा लावून पाहिली). मग ती देवघराच्या बाहेर जाऊन बसली. आत जयू माळ करत होती आणि तोंडातल्या तोंडात आरती म्हणत होती. आपल्याला ती दोन हातांवरूनही ऐकू येत नाही आता. गौरी भिंतीला टेकून, डोळे मिटून, त्या कानटोपीत ती ऐकत होती. मी पाण्याचा तांब्या घेऊन तिकडे निघालो होतो, तो तसाच परत घेऊन आलो.

रेंजवरची गंमत मात्र ऐका. आपलं कुजबुजणंसुद्धा लेकीला लख्ख ऐकू येतं हे एकदा जयूला कळल्यावर ती थांबेचना. "घाई नको गं" झालं, मग खांदा खाली घे झालं, मग दुलया कोणत्या पेटीत आहेत, भैरवगढच्या छापाच्या चादरी गरम पाण्यात टाकू नकोस, बाबांना उपाशीपोटी गोळी देऊ नकोस, चकलीची भाजणी खमंग भाजून घे, लग्न करायचं नसेल तर करू नकोस पण कारण नीट सांग, असं सगळं पिस्तुलाच्या दोन बारांच्या मधे चालू. गौरीच्या गोळ्या चौफेर जाऊ लागल्या. एवढे वाईट गुण तिनं शाळेत असतानाही काढले नव्हते. अनिल सर कपाळाला हात लावून म्हणाले, "मैडम, ये रेंज है, सब्ज़ी मंडी नहीं." जयूनं त्यांना खूण करून बसायला सांगितलं आणि निवडलेली मेथी त्यांच्या हातात दिली. गौरी हसत होती, तात्या. कित्येक दिवसांनी हसली. गुण विचारू नका म्हणाली, आणि मी विचारले नाहीत.

आणि परवा खंडेनवमी आली. आमचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात लेखणीवाले, त्यामुळे घरात शस्त्र म्हणाल तर अडकित्ता, विळी, सुरी आणि माझा स्क्रूड्रायव्हर. गौरीचं पिस्तूल रेंजच्या शस्त्रागारात कुलपात असतं, ते घरी आणता येत नाही. तेव्हा जयूनं ठरवलं की मान कानटोपीचा. बाकीच्या शस्त्रांना नुसतं हळदकुंकू आणि झेंडूचं फूल मिळालं. कानटोपीला तिनं देवांबरोबर ताम्हनात घेतलं. पाणी, दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं यथासांग. दोन्ही वाट्यांच्या आतून बाहेरून, अगदी बाळाला न्हाऊ घालावं तसं. वर हळदकुंकू, अक्षता, आणि पुन्हा पाणी. मी समोर पाटावर बसून पळी पुढे करत होतो आणि मनात म्हणत होतो की हिनं सेल काढून ठेवले असतील, सगळं पुसून ठीक होईल. गौरी दारात उभी होती. तिला सगळं कळत होतं. नंतर मी तिला विचारलं, अगं, थांबवायचंस ना. म्हणाली, "इतकं मनापासून करत होती ती. कसं थांबवायचं?"

टावर चौकातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्यानं वाटी उघडली, वास घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "अंकल, इसमें तो दही है." त्यानं खूप खटपट केली बिचाऱ्यानं. आता चालू केली की तिच्यातून फक्त एक बारीक शिट्टी येते. नवी मागवली तर ती सोमवारनंतर येणार. जयूला आम्ही काही सांगितलं नव्हतं, पण तिला ते आपोआपच कळलं. काल सोनं द्यायला कोणी कोणी आलं, तिनं सगळ्यांना पानं दिली, हसली, आणि लोक गेल्यावर देव्हाऱ्यासमोर बसून रडली. म्हणाली, आहे तेवढा आवाजही मीच बुडवला. गौरी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली आणि म्हणाली की आई, इथे जवळून मला टोपीशिवाय ऐकू येतं. त्यानंतर दोघी बराच वेळ बोलत होत्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही. मी बाहेर झोपाळ्यावर बसून आपट्याची पानं मोजत बसलो, असं समजा.

तर असा हा गौरीच्या कानांचा वृत्तांत. बोळे नारिंगी रंगाचेच चांगले, वर साधी कानटोपी, आणि चष्म्याची काडी पातळ असावी, हा माझा सगळ्या अभ्यासाचा निष्कर्ष. तुमच्या ओळखीत कोणी नेमबाज असल्यास कळवावा. तुमच्या पायांशी पुन्हा एकदा जमतील तेवढी अंगं टेकवून थांबतो.

आपला,
शरच्चंद्र

ता. क. आल्हादला नवी कानटोपी पाठवायला सांगू नये. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, रविवारी, गौरी रेंजवर जाणार नाहीये, आईजवळ घरीच आहे.

दुसरा ता. क. हे खरं म्हणजे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं. तात्या, तुम्ही कोजागिरीपर्यंत इकडे या. आणि येताना आल्हादनं मागच्या वर्षी तुमच्यासाठी आणलेलं कानाचं मशीन, जे तुम्ही डबीतून काढलेलंही नाही असं सूनबाई म्हणतात, ते कानात घालून या. जयूला डॉक्टरांनी जोरात बोलायची सक्त मनाई केली आहे. जोर दिला तर आहे तो आवाजही सोमवारच्या आधीच जाईल. तुमच्याशी आजवर आम्ही सगळे ओरडूनच बोललो, ती तर सर्वांत मोठ्यानं. आता तिला ओरडता येणार नाही. ती रोज तुमचं काही ना काही काढते, लहानपणचं, तुमच्या आईचं, आणि मग म्हणते, जाऊ दे, तात्याला कुठे ऐकू जाणार.

तिसरा ता. क. जयूनं खांद्यावरून वरचं सगळं वाचलं. ती म्हणते, ते मशीनचं खोडा, त्याला भारी राग येतो त्याचा. तिचा निरोप जसाच्या तसा देतो: "तात्याला म्हणावं, मशीन नसलं तरी ये. मी बोलेन, तू मान हलव. मला तेवढं पुरे."

खोडलेलं नाही. ती आत गेली आहे, म्हणून पाकीट बंद करायच्या आधी एवढंच घाईनं लिहितो. तुमचं मान हलवणं तिला पुरेल, तात्या. सोमवारनंतर तुम्हाला पुरणार नाही. मशीन घालून या.